रविवारची हजेरी

१

रविवारी सकाळी न्याहारीची भांडी विसळून होत आली की नागुमो सरांच्या खोलीतून आधी कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. मग कर्र-कर्र, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग कागद सरकल्याची सळसळ. सर तो कागद खिडकीच्या उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "सगळे आहेत." मग आई चहा ओतायची. त्सुरुओका गावातल्या त्या घरात सरांची मुलगी चिनात्सु लहानाची मोठी झाली, पण असा आवाज न येता उजाडलेला रविवार तिला आठवत नव्हता.

तो आवाज घरातल्या प्रिंटरचा. साधा, शाईचा, आणि इतका जुना की त्याचे सुटे भाग बनायचे बंद होऊनही जमाना झाला होता. दुकानदार म्हणायचा, सर, आता याला निरोप द्या. सर हसून शाई तेवढी घेऊन यायचे. माध्यमिक शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर हजेरी घ्यायला वर्ग उरला नाही म्हणून यंत्राची घेतात, असं आई म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

चाचणीच्या कागदावर चार रंगांच्या चार रांगा उमटायच्या. प्रत्येक रांगेत बारीक तुटक रेघा, जिना उतरत गेल्यासारख्या. शाई ज्यातून बाहेर पडते त्या हेडमधलं एखादं छिद्र वाळून बुजलं की त्याची रेघ कागदावरून गळते. या रांगा सरांनी घरात वाटून टाकल्या होत्या. काळी त्यांची स्वतःची, किरमिजी आईची, निळी चिनात्सुची, आणि पिवळी किनाको मांजरीची. "आज किनाकोची एक मिशी गळलीय," असं म्हणत ते बशीत कोमट पाणी घेऊन बसायचे. हात असे चालायचे की बघत राहावं. कुठे ओढाताण नाही, वैताग नाही. उजव्या अंगठ्याला मात्र कायम काळी शाई. एकदा साफ करायचं आणि मग त्याला निवांत पडू द्यायचं, हा त्यांचा नियम. सारखं सारखं खरवडलं तर बुजलेलं तर उघडत नाहीच, उलट धडधाकट छिद्रांची शाई ओढली जाते, असं ते सांगायचे. चिनात्सुला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पाठ झालेल्या गोष्टी वेळेवर आठवतातच असं नाही.

२

मार्चमध्ये बर्फ वितळत असताना सर गेले. त्याच खोलीत, खुर्चीत, चष्मा कपाळावर असतानाच.

नोव्हेंबर सरत आला तेव्हा चिनात्सु रजा टाकून सेंदाईहून बसने घरी आली. सेंदाईत ती एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. स्वभाव असा की टोस्टर खटकन वाजला की ही टोस्टपेक्षा उंच उडते, अशी तिथे तिची थट्टा चालायची. ती आली होती सुतकाची कार्डं छापायला.

घरात कोणी गेलं की त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या नसतात आणि घ्यायच्याही नसतात. डिसेंबर लागता लागता ओळखीच्या सगळ्यांना एक साधं, फिकट कार्ड जातं. अमुक गेले, आमच्याकडे सुतक आहे, या वर्षी आमच्याकडून शुभेच्छा नाहीत. ते वेळेत पोचलं नाही तर लोक नेहमीसारखी आपली कार्डं टपालात टाकून मोकळे होतात, आणि टपालखातं ती जपून ठेवून एक तारखेच्या सकाळी गड्डीच्या गड्डी दारात आणून टाकतं. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी निम्मा गाव भरला होता. त्यांची गड्डी जाड यायची.

"पहिल्या तारखेला सकाळी ह्यांच्या नावाने 'अभिनंदन, अभिनंदन' म्हणत एवढा गठ्ठा आला, तर मी तो कुठे ठेवू ते मला सांग," आई म्हणाली. तिने हे रडत म्हटलं असतं तर चिनात्सुला बरं वाटलं असतं. ती पर्सिमॉन सोलत सोलत म्हणाली. फळं वाळवायला बांधायची दोरी तिच्या मांडीवर तयार होती.

चिनात्सुने सुचवलं की दुकानात छापून घेऊ, संध्याकाळपर्यंत मिळतील. आईने सुरी खाली ठेवली. दरवर्षी ह्यांनी आपल्या हाताने घरीच कार्डं छापली, वर प्रत्येकावर दोन ओळी पेनने लिहिल्या. नुसतं छापलेलं कार्ड म्हणजे दारावरची बेल, आत कोणी आलं नाही, असं ते म्हणायचे. आणि त्यांची शेवटची बातमी दुकानातून जाणार? तो विषय तिथेच संपला.

३

सरांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. सरकतं कागदी दार, खिडकीबाहेर ओळीने टांगलेली नारिंगी फळं, आत बंद खोलीचा गार वास. प्रिंटरवर आईने रुमाल टाकला होता. त्याची वायर सरांच्या पद्धतीने तीन वेटोळ्यांत गुंडाळून रबर लावून जमिनीवर ठेवलेली. चिनात्सुने रबर काढलं, प्लग भिंतीत लावला आणि मन घट्ट केलं. आठेक महिने न चाललेलं हेड म्हणजे वाळलेला दगड. रांगांच्या नावाने चार ओरखडे आले तरी पुष्कळ.

यंत्राने घसा खाकरला. ती दचकली, मग स्वतःवरच हसली. कागद बाहेर आला. तिने तो खिडकीशी धरला.

चारही रांगा भरलेल्या होत्या. एक रेघ गळलेली नव्हती. काळी तर अशी की शाई कालच भरली असावी.

कसं सांभाळलं असेल त्यांनी हे, ती मनात म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. कागद घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. आई, बघ, इतके महिने बंद राहूनही याला काही झालं नाही.

आईने मान वर केली. "बंद कुठे होतं? दर रविवारी वाजतं की. तू सेंदाईहून फोनवरून चालू करत होतीस ना? आजकाल करता येतं म्हणे."

त्या प्रिंटरला भिंतीतला प्लग आणि संगणकाची जाड वायर, यापलीकडे जगाशी कुठला धागाच नव्हता. चिनात्सुने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर इतकं समाधान होतं की तिला नाही म्हणवेना.

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलंच. ह्यांची पोरगी ती." आईने कपाटातून कप काढले. चिनात्सुने लक्ष न देता पाहिलं, मग लक्ष देऊन पाहिलं. कप तीन होते.

४

दुसऱ्या दिवशी तिने कार्ड जुळवलं. मजकूर सरळ होता. नागुमो सेइगो, वय एकाहत्तर, यांचं मार्चमध्ये निधन झालं. मग सुतकाचं नेहमीचं वाक्य, खाली आईचं आणि तिचं नाव. पहिलं कार्ड बाहेर आलं, अक्षरं कशी कोरल्यासारखी. फक्त सुरुवातीला, बाबांच्या नावाच्या जागी, कोरं.

तिला वाटलं, काळ्या छिद्रांत काहीतरी अडलं असेल. पण छिद्र अडलं तर कार्डभर आडवी पांढरी रेघ पडते. ती नावापुरती पडून थांबत नाही. तिने नाव खालच्या ओळीत नेलं. कोरी जागाही खाली गेली. अक्षराचं वळण बदललं, आकार वाढवला, कोरी जागाही वाढली. मग तिने त्या जागी 'किनाको' टाकलं, आणि मांजरीचं निधन ठसठशीत छापून आलं. तिला हसू येईना. ग्रंथालयात काम करणारीला प्रयोग अर्धा सोडवत नाही, म्हणून तिने स्वतःचं नाव टाकलं. तेही आलं, काळंभोर. त्या कार्डाचे तिने इतके बारीक तुकडे केले की किनाको त्यांच्याशी खेळायला आली.

कुठेतरी हेडचाच दोष, तिने ठरवलं. दुसरं काय ठरवणार? तिने साफसफाई चालवली. पुन्हा चालवली. मग ती खोल साफसफाई, जिच्यात यंत्र आतून शाई ओढून बाहेर टाकतं आणि पोटातून कण्हल्यासारखा आवाज करतं. नाव येईना. शेवटी नारिंगी दिवा लुकलुकायला लागला आणि इवल्याशा पडद्यावर अक्षरं आली, प्रिंट हेड तपासा. तिने चाचणीचा कागद काढला.

काळी रांग भरलेली. निळी, पिवळी, भरलेल्या. किरमिजी मात्र एका कडेने कुरतडल्यासारखी झाली होती.

त्याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं. आई मोरीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पायाशी भाताच्या वाडग्याचे तुकडे. काही नाही गं, ती म्हणाली, जरा गरगरलं. तिच्या बोटांना हात लावला तर ती पाण्यातून काढल्यासारखी गार होती, आणि ती पाण्यात नव्हती.

५

माणसाचं मन मोठं वकील असतं. आईच्या अंगात रक्त कमी असेल, वर्षभर धड जेवली नाही, थंडी पडलीय. डॉक्टरांनीही तपासून काळजीचं काही नाही म्हटलं. रक्तात काही सापडलं नाही, थकवा आहे, विश्रांती घ्या. शेजारच्या इगाराशी काकू लाल सलगमाचं लोणचं घेऊन आल्या आणि दारातच आईला म्हणाल्या, "तामाए, अगं तुझ्यापेक्षा माझ्या लोणच्याला जास्त रंग आहे. पोरगी आली म्हणून उपास धरलास की काय?" आई हसली. हसताना तिचे ओठ कुठे संपतात ते चिनात्सुला दिसलं नाही.

चिनात्सुने दोन दिवस साफसफाई केली नाही, रोज फक्त चाचणीचा एक कागद काढला. आईने जरा जरा जेवायला सुरुवात केली, आणि चाचणीच्या कागदावर किरमिजी रेघा एकेक करून परतायला लागल्या. तिने ते दोन कागद शेजारी ठेवून पाहिले आणि ताबडतोब खणात टाकले. असल्या गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या नसतात.

पण डिसेंबर दारात आला होता. टपालपेटीजवळून जाताना आई आता मान फिरवायची. रात्री आजूबाजूच्या घरांतून नववर्षाची कार्डं छापली जात असणार, त्यांतली कितीतरी सरांच्या नावाची. एक शेवटचा उपाय उरला होता, सरांच्या बशीचा.

दुपारच्या उजेडात तिने हेड बाहेर काढलं. ओल्या कागदी रुमालाची घडी बशीत ठेवून त्यावर ते अलगद टेकवलं. स्वयंपाकघरात आई मुळा चिरत होती, टक टक टक. रुमालावर रंग उतरायला लागले. पिवळा थोडासा, निळा थोडासा. काळा अजिबात नाही. काळा जणू दात आवळून बसला होता. आणि किरमिजी उतरला तो थांबेचना. घडीच्या एका पदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मग बशीच्या कडेपर्यंत. इतका सुंदर रंग की ती बघतच राहिली. एवढ्याशा हेडमध्ये एवढी शाई मावते कशी, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की टक टक बंद झालं आहे.

आई फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. सुरी हातातच. डोळे अर्धवट उघडे, चेहरा कोऱ्या कार्डासारखा. चिनात्सुने हाका मारल्या, तळहात चोळले, पायाखाली उशी दिली. काही फरक पडेना. मग तिने जे केलं ते तिच्या शिक्षणाला शोभणारं नव्हतं. आईला तशीच सोडून ती खोलीकडे धावली, बशीतलं हेड उचललं, कोरड्या रुमालाने टिपलं आणि यंत्रात परत बसवलं. घाईत खटका दोनदा निसटला.

तो बसल्याचा आवाज झाला, आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला आईने पाणी मागितलं.

पाणी पिऊन झाल्यावर आईने भांडं खाली ठेवलं. "किती खरवडतेस गं," ती म्हणाली. "हे असते तर रागावले असते."

६

नाव हाताने लिहायचं, असं चिनात्सुने ठरवलं.

नावाची जागा मोकळी ठेवल्याबरोबर प्रिंटर असा चालायला लागला की जणू याचीच वाट बघत होता. कार्डामागून कार्ड, एकही तिरकं नाही, एकावरही डाग नाही. नव्या यंत्राला जमणार नाही असं काम त्या म्हाताऱ्याने एका बैठकीत करून दिलं. चिनात्सु शेजारी उभी राहून बघत होती, आणि भीती बाजूला सारून तिच्या तोंडून "वा" निघून गेलं. वर्गात कोणी अवघड गणित सोडवलं की सर असंच म्हणायचे, टाळ्या न वाजवता.

मग मायलेकी कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार पांघरुणात पाय घालून बसल्या आणि बाबांचं नाव लिहायला लागल्या. पहिली काही कार्डं आईच्या हातून कापरी झाली. नंतर हात स्थिरावला. कधीतरी मध्येच ती म्हणाली, लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव इतक्यांदा मी कधी लिहिलं नव्हतं. आणखी काही कार्डांनंतर म्हणाली, आता हात विसरणार नाही. छापलेल्या मजकुरात ते शाईचं नाव असं दिसत होतं की दारावरची बेल वाजून कोणीतरी खरोखर आत आलं आहे. चिनात्सुला वाटलं, त्यांना एवढंच हवं होतं का? मग तिला वाटलं, एवढंच नसेल तर?

कार्डं टपालात पडली, वेळेत पडली. पण आईला चढण चढवेना, बोटं गारच राहिली, आणि शेवटच्या चाचणीत किरमिजी रांग निम्मीच उमटली होती. बशीत वाहून गेलेलं परत आलं नव्हतं. त्या दिवशी चिनात्सुने भिंतीतला प्लग काढला, वायर तीन वेटोळ्यांत गुंडाळली, रबर लावलं आणि वर रुमाल टाकला. रजा तिने वाढवून घेतली.

७

रविवारी सकाळी बाहेर बर्फ पडत होतं, समुद्राकडचं, ओलं आणि जड. आई न्याहारीची भांडी विसळत होती. एक ताटली, मग विश्रांती, मग दुसरी. ओट्यावर तीन कप मांडलेले होते. चिनात्सु पुसायचं फडकं घेऊन शेजारी उभी होती, म्हणजे दोघीही तिथेच होत्या, एकमेकींना हात लागेल इतक्या जवळ.

खोलीतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

आईचे हात थांबले नाहीत. चिनात्सुच्या हातातलं फडकं पडलं.

मग कर्र-कर्र. पण आज ते थांबेना. खोल साफसफाईलाही इतका वेळ लागत नाही. विहीर आटली तरी कोणी बादली सोडतच राहावं, तळाला घासून वर ओढतच राहावं, तसा तो आवाज येत राहिला. चिनात्सुने आईकडे पाहिलं. साबणाच्या फेसातली तिची बोटं लाल होत चालली होती. गरम पाण्याने होतात, तिचं मन म्हणालं. आई विश्रांती न घेता तिसरी ताटली विसळत होती, मग चौथी.

आवाज बंद पडला. मग काहीच नाही. मग सळसळ.

चिनात्सु व्हरांड्यातून गेली. आपले पाय आपल्याला तिकडे नेतील असं तिला वाटलं नव्हतं. दार हातभर सरकलेलं होतं, तिने बंद केलेलं दार. आत खोलीत बर्फाचा पांढरा उजेड पसरला होता. रबर लावलेली वायर जमिनीवर जशीच्या तशी. आणि खिडकीपाशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, तो कागद होता. एका कोपऱ्यात वर उचललेला, दुसरीकडे आपल्या वजनाने खाली झुकलेला, एका हाताने धरलेला कागद झुकतो तसा. जरासा थरथरत होता. उजेड त्यातून आरपार येत होता, आणि रंगांच्या रांगा उलट्या बाजूने दिसत होत्या.

ती एक श्वास घेईपर्यंत तो तसाच राहिला. मग खाली आला. पडला नाही. खाली ठेवला गेला.

बऱ्याच वेळाने तिने तो उचलला. पिवळी रांग भरलेली. निळी भरलेली. किरमिजी पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत भरलेली, इतकी गडद की कागदाला ओल आली होती. सगळ्यांत वर, काळ्या रांगेच्या जागी, काहीच नव्हतं. एक रेघ नव्हती, एक ठिपका नव्हता. फक्त कागदाच्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याचा एक काळा ठसा होता, अजून ओला.

"चिनात्सु," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. किती दिवसांनी तो इतका भरदार आला होता. "सगळे आहेत?"

चिनात्सुने कागद खिडकीशी धरला. पुन्हा एकदा पाहिला. मग स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"सगळे आहेत," ती म्हणाली.

मग चहा ओतल्याचा आवाज आला, एकदा, आणि आणखी एकदा.

ती परत आली तेव्हा टेबलावर दोन कप वाफाळत होते. आई गुलाबी झालेल्या हातांनी तिसरा कप कोरडा पुसत होती. पुसून झाल्यावर तिने तो कपाटात अगदी मागे, उपडा ठेवला, आणि दार लावून घेतलं.